पाझरीला राग का येत नाही

निवृत्त झाल्यावर मी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. तिच्यात एक काल्पनिक देश होता, त्या देशात सात नद्या होत्या आणि नद्यांतल्या खडकांखाली पाझऱ्या राहायच्या. पाझरी म्हणजे वीतभर उंचीची, शेवाळी रंगाची पाण्यातली बाई. ती कुणाला ओढून नेत नाही, कुणाला झपाटत नाही. गढूळ पाण्यातला गाळ तळाला बसवते, वाहून गेलेली चप्पल काठाला लावते, बुडणारं करडू खालून उचलून धरते. मी खोडाळ्याच्या शाळेत शिकवत होते तेव्हा भाताच्या आवणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असायचा. उरलेल्यांना काय शिकवणार? त्यांना मी या गोष्टी सांगायचे. त्यांचं पुस्तक करावं असं मनात होतं. प्रकाशकांनी कळवलं की हातानं लिहिलेलं चालणार नाही, टाइप करून पाठवा.

जव्हारला माझ्या घराजवळ टायपिंगचं एकच दुकान. पुढच्या भागात मोठा भाऊ शिलाई मशीनवर, पडद्यामागे धाकटा कॉम्प्युटरवर. धाकटा चाळिशीचा, बोलायला अदबशीर, हाताला वेग. अडचण एवढीच की त्या हातांनी आयुष्यभर आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे अर्ज टाइप केले होते. मी लिहिलं होतं, ‘पाझरी तळाशी राहायची. कुणाला तिचा त्रास नव्हता.’ छापून हातात आलं ते असं: ‘सदर पाझरी ही नदीच्या तळाशी वास्तव्यास असून तिच्याबाबत कोणाचीही तक्रार नाही.’

मी लाल पेनानं पानं रंगवून परत दिली. त्यानं माफी मागितली, दुरुस्ती केली, आणि पुढच्या प्रकरणात पाझऱ्यांनी राजाला ‘विनंती अर्ज’ केला. राजा माझ्या कादंबरीत नव्हताच.

पावसाळा लागला. छत्री सावरत चढ चढून जावं तर वीज गेलेली. शुक्रवारी दुपारी जावं तर तो नमाजाला गेलेला. वीजही आहे आणि तोही आहे असा दिवस उगवला, तर अर्जवाल्यांची रांग. त्या रांगेसमोर तो माझ्याशी पाझऱ्यांबद्दल वाद घालायचा. त्याचं म्हणणं, या फार गप्प आहेत. लोक काहीही करतात, या नुसत्या आवरत बसतात. मी म्हणायचे, त्यांचा स्वभावच सौम्य आहे. मोठा भाऊ मशीन थांबवून म्हणायचा की सौम्य ठीक, पण गोष्टीत काहीतरी घडायला हवं. एकदा दाभोशाकडचे एक शेतकरी जातीच्या दाखल्यासाठी बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, या बाया आवणीला येतात का? नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. माझं डोकं दुखायला लागलं होतं.

मग नववं प्रकरण आलं. त्यात एक व्यापारी मासे धरण्यासाठी नदीत विष कालवतो. माझ्या गोष्टीत पाझरी माशांची पिल्लं ओंजळीत घेऊन वरच्या डोहात नेऊन सोडते, आणि प्रकरण संपतं. टाइप केलेल्या पानांवर ते तिथं संपत नव्हतं. पाझरी परत येत होती, व्यापाऱ्यासमोर काठावर उभी राहत होती आणि त्याच नदीचं ओंजळभर पाणी त्याच्यापुढे धरून म्हणत होती, ‘पी.’

मी तशीच दुकानात गेले. हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. तो उठून उभा राहिला.

“मीच, बाई. मासे मेले आणि ही काहीच बोलली नाही. मला पुढचं टाइप करवेना.”

“तुम्हाला टाइप करायला दिलंय, लिहायला नाही. काढा ते.”

वही उचलली, झालेल्या कामाची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि एसटी डेपोजवळच्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या मुलीनं आधीची फाइल उघडली, तर फॉन्ट वेगळा असल्यानं अख्खी कादंबरी चौकोन आणि टिंबं होऊन समोर आली. पहिल्यापासून करायचं तर दिवाळी उजाडेल, असं ती म्हणाली. पंधरा दिवस मी घरी फुगून बसले आणि शेवटी त्याच पडद्याआड परत गेले.

नववं प्रकरण त्यानं माझ्या वहीबरहुकूम करून ठेवलं होतं, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. मी तिथंच स्टुलावर बसून वाचलं. मासे मेले, पिल्लं डोहात गेली, प्रकरण संपलं. पुन्हा वाचलं. पान मिळमिळीत होतं, आणि ते त्याच्यासमोर बसून कळावं याचाच मला जास्त राग आला. त्याचं पान मागितलं, तर ते त्यानं पुसून टाकलं होतं.

“तुम्हीच काढा म्हणालात,” तो म्हणाला.

घरी येऊन मी चार दिवस झटले. पाझरीला रडवून पाहिलं, व्यापाऱ्याला पश्चात्ताप करायला लावला. सगळं खोटं वाटायचं. पाझरीनं पाणी पुढे केलं तरच ती उभी राहायची. अखेर जाऊन त्याला विचारलं, ते तुमचं मी घेऊ का? त्याला आश्चर्य वाटलं. घ्या की, म्हणाला, त्यात काय विचारायचं?

पुस्तक निघालं. पहिल्याच आठवड्यात जीप धरून खोडाळ्याच्या शाळेत गेले आणि मुलांना नववं प्रकरण वाचून दाखवलं. मुलांनी ‘पी’चं तेवढंच पान पुन्हा वाचायला लावलं. सात नद्यांबद्दल, मी वर्षभर रचलेल्या त्या देशाबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

“बाई, मग त्यानं पाणी पिलं का?”

टायपिंगवाल्यानं तसं काही लिहिलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी सांगते म्हणून वेळ मारून नेली. जव्हारला उतरले ती थेट दुकानात गेले आणि त्याला विचारलं, व्यापारी पाणी पितो की नाही? त्यानं स्क्रीनवरून मान वर केली, थोडा विचार केला आणि म्हणाला की हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि बाहेर तीन अर्जवाले खोळंबलेत, तर मी जरा बाजूला बसेन का.