खुब्यातनं वाका!

आमचे थोरले साडू माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत. तो वाकतो कसा, यावरून ओळखतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. कळसला डाळिंबाची बाग, वय साठीला टेकलेलं, आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत माणूस चारचौघांसारखा होता. मग एका सकाळी मोटरसायकल काढून बारामतीला आले आणि आमच्या घराजवळच्या जिममध्ये नाव घालून मोकळे झाले. तिथं त्यांनी एकच व्यायाम धरला, डेडलिफ्ट. जमिनीवरची दांडी दोन्ही हातांनी धरायची, उभं राहायचं, पुन्हा खाली ठेवायची, बस्स. शिकवणाऱ्या सरांनी छातीचं मशीन दाखवलं, तर म्हणाले, "सर, आमी डाळिंबाचा क्रेट छातीनं उचलत न्हाय." शेजारची पोरं दांडीला वजनाच्या चकत्यांवर चकत्या चढवत होती, आणि हे महिनाभर नुसती मोकळी दांडी उचलत होते.

शिकलेलं जिममध्येच ठेवतील तर शपथ. मोटरसायकलला कायम सोललेल्या उसाचा एक सरळ तुकडा बांधलेला. तो उभा धरून डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकवायचा आणि वाकायचं. तिन्हींतली एक जागा जरी सुटली, तरी पाठ गोल झाली म्हणून समजायचं. आमच्याकडे गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी उंबऱ्यातच थांबवून ऊस लावला होता. लासुर्ण्याच्या लग्नात तर कहर झाला. नवरा-नवरी पाया पडायला आले, नवरी वाकली, तसे हे ओरडले, "पोरी, कंबरंतनं न्हाय, खुब्यातनं वाक! ढुंगण मागं जाऊ दे!" अख्खा मांडव गार. बिचारीनं पुन्हा वाकून दाखवलं, तेव्हा कुठं आशीर्वाद मिळाला. माझी बायको पुढं दोन दिवस या मेहुण्यांचं नाव काढत नव्हती.

मला मात्र राहून राहून प्रश्न पडायचा, की या माणसाची पाठ ठणठणीत असताना हे खूळ शिरलं कुठून? एकदा मी त्यांच्याबरोबर जिममध्ये गेलो, तर त्यांनी सरांना गंभीरपणे विचारलं, "सर, साडी नेसल्याव पाय किती फाकवायचं?" सरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत राहिलो.

मग न राहवून मी एका दुपारी न सांगता कळसला गेलो. शेडमध्ये अक्का पदर खोचून वाकलेल्या, समोर क्रेटमध्ये चार डाळिंबं, आणि साडू त्यांच्या पाठीला ऊस धरून उभे. मला बघून अक्का आधी लाजल्या, मग हसत सुटल्या.

"तोडणीला यापाऱ्याचा टेम्पो हॉर्न वाजवत व्हता. हे म्हनलं, उचल की पटाककन. मी भरला क्रेट घिऊन गर्रकन वळले आन् तितंच बसले, पाठच धरली. लाजंनं कुनाला बोलले न्हाय." तीन महिन्यांच्या औषधपाण्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता नीट वाकायला शिका आणि थोडं थोडं वजन उचला. "त्या जिममधल्या पोरांत मी जाऊ व्हय? तर हे म्हनलं, मी शिकून येतो."

साडू हातातला ऊस उगाच पुसत म्हणाले, "पटाककन मीच म्हनलो व्हतो, पावनं. ही बागंत यायची बंद झाली, तवापास्नं बाग खायला उठती." मी इतके दिवस या माणसाला हसत होतो, त्याची मला लाज वाटली.

यंदाच्या तोडणीला मी मुद्दाम गेलो. टेम्पो हॉर्न वाजवत होता. साडूंनी ड्रायव्हरला सांगितलं, "वाजीव दिवसभर." अक्का भरल्या क्रेटजवळ गेल्या, पाय रोवले, पोट आवळलं, खुब्यातनं वाकल्या आणि क्रेट घेऊन उभ्या राहिल्या. मग एकेक पाऊल टाकत अख्ख्या अंगानं वळल्या आणि तो टेम्पोत ठेवला. साडू समोरच उभे होते, दोन्ही हात अर्धवट पुढं केलेले.

"पाठ बरूबर व्हती का?" अक्कांनी विचारलं.

साडू त्यांच्या तोंडाकडं बघत होते. कधीपासून बघत होते कोण जाणे.

"बघायचं ऱ्हायलंच की गं," ते म्हणाले.