सोमवारी अकरा वाजता पुडिंग

आमच्या कारखान्यातले किस्से सांगायला लागलो की समोरचा आधी हसतो आणि विचारतो, ‘‘म्हणजे पुडिंग खायचा पगार मिळतो तुम्हाला?’’

मिळतो की! सोबत धास्तीही मिळते, ती फुकट. आठ वर्षं झाली, दर सोमवारी काही ना काही घडतंच, आणि घडत असताना आमच्यापैकी एकालाही कधी हसू आलेलं नाही. हसतो ते आम्ही मंगळवारी.

निपाणी-बोरगाव रस्त्यावर आमचा छोटा कारखाना आहे. दहा रुपयांचे पुडिंग कप करतो. व्हॅनिला, चॉकलेट, मँगो, बटरस्कॉच आणि गूळ-वेलची. मी तिथला केमिस्ट. लॅब म्हणजे एक थर्मामीटर, एक वजनकाटा आणि मी. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. सोमवारी अकरा वाजता आप्पा स्वतःच्या हातानं कूलरमधून शनिवारचा माल काढतात. पाच फ्लेवर आपले, सहावा कप बाजारातल्या दुसऱ्या कुणाचा. आम्ही पाच जण चाखतो आणि एक ते सहा नंबर देतो, एक म्हणजे सगळ्यात चांगला. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, चिठ्ठी घडी करून स्टीलच्या डब्यात टाकायची. दोन कपांच्या मधे साधे चुरमुरे खायचे, म्हणजे जीभ कोरी होते.

आणि सकाळपासून तंबाखू बंद! निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात हा नियम पाळणं म्हणजे काय, ते निपाणीकरालाच विचारा.

* * *

आमचा ड्रायव्हर विलास पाचातला एक. एका सोमवारी त्याच्या चिठ्ठीवर सहाही कपांना तीन नंबर!

आप्पांनी पाचही चेहऱ्यांवरून नजर फिरवली. शांतपणे म्हणाले, ‘‘विलास, तोंड उघड.’’

विलासनं मान हलवली. गाल फुगलेला. आप्पा उठून त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. विलासनं डोळे मिटले आणि गालातलं सगळं गिळलं!

कपाळावरून घाम गळतोय, डोळे लाल, आणि म्हणतो कसा, ‘‘आप्पा, बटरस्कॉच लई कडक हाय.’’

त्या दिवशी बोरगावची गाडी मी चालवली.

* * *

आता खरी गोष्ट. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर आमचा सेल्समन बसूअण्णा बेळगावहून परत आला तो स्ट्रॉबेरीचं खूळ घेऊनच. दुकानदारांना म्हणे गुलाबी रंगाचा कप पाहिजे. कप भरायचं मशीन आमच्याकडं एकच, ते पाच फ्लेवरनाच जेमतेम पुरतं. सहावा फ्लेवर घ्यायचा तर पाचातला एक बंद करायचा.

आप्पांनी जाहीर केलं, ‘‘तीन सोमवार. तिन्हीची बेरीज करायची. ज्येची बेरीज जास्त, त्यो फ्लेवर बंद.’’

बाकीचे चार फ्लेवर पावडरचे. दूध तापवा, पाकीट फोडा, ढवळा. गूळ-वेलची तेवढी हातानं शिजते. ते काम कमलआक्काचं आणि तिच्या हाताखालच्या तिघींचं. फ्लेवर बंद म्हणजे या चौघी घरी. आप्पा तसं बोलले नाहीत, पण तसं बोलावं लागतच नाही.

आणि पाच चाखणाऱ्यांत एक कमलआक्का स्वतः! कारण कारखान्यात तिच्याइतकी तल्लख जीभ दुसऱ्या कुणाची नाही. दूध कुठल्या गवळ्याचं ते ती चहावरून सांगते.

* * *

बसूअण्णा आणि आक्काचं आधीपासून जरा वाकडंच होतं. गूळ कडकडीत दुधात पडला तर दूध फाटतं. म्हणून आक्का गुळाचा पाक वेगळा करते, गाळते, निवू देते आणि दूधही गार झाल्यावर त्यात घालते. दोन तास जातात.

एकदा बेळगावची गाडी खोळंबली होती. बसूअण्णाचं सारखं सुरू, ‘‘आक्का, आटप. आक्का, आटप.’’ आक्का वेलची आणायला आत गेली तेवढ्यात यानं पाकाचं पातेलं उचलून उकळत्या दुधात रिकामं केलं!

चाळीस लिटर दूध फाटलं. आक्का बाहेर आली, बघितलं. तिनं ते सगळं फडक्यात बांधून टांगलं, दुपारी त्याच्या गोड वड्या केल्या आणि कारखान्यात सगळ्यांना वाटल्या. बसूअण्णा हात पुढं करून उभा. आक्का त्याच्यासमोरून ताट घेऊन तशीच पुढं गेली.

बसूअण्णाच्या घरी कन्नड बोलतात. त्याला कशाबद्दलही विचारा, ‘‘छलो ऐती’’ म्हणतो, म्हणजे चांगलं आहे. त्या दिवशी मात्र काहीच म्हणाला नाही.

* * *

पहिला सोमवार. चुरमुरे आणायचं काम पॅकिंगच्या शोभाचं, ती चाखणाऱ्या पाचातली चौथी, आणि पाचवा बसूअण्णा. गडबडीत तिनं घरातली दुसरीच पिशवी उचलली. तिच्या मोठ्या जावेनं केलेलं भडंग! लसूण, तिखट, सगळं बैजवार.

पहिला घास खाल्ला आणि मला ठसका लागला. विलास पाण्याला धावला. आता या जिभेनं चाखायचं काय? मी म्हणालो, ‘‘आप्पा, आजचं रद्द करूया.’’

‘‘नियम म्हंजे नियम,’’ आप्पा म्हणाले. ‘‘चाखा.’’

तोंडात आग पडलेली असताना माणूस गार आणि साधं तेच शोधतो. व्हॅनिला पहिला आला. तिखटावर गूळ कुणाला झेपणार? गूळ-वेलची पाचवी. मागं फक्त बाजारचा कप. शोभा रडायला लागली. आक्का तिला म्हणाली, ‘‘रडू नगंस गं. जावंला विचार, भडंगात मेतकूट किती घातलं हुतं.’’

* * *

दुसरा सोमवार तर कहरच. बाजारचा कप विलासनं कोगनोळीच्या एका दुकानातून आणला होता. दुकानातल्या बर्फात भिजून कपावरचा कागद निघून गेलेला. मँगोच होता, पण काय मँगो! वर पाणी सुटलेलं, खाली गोळे.

बसूअण्णानं चमचा खाली ठेवला. ‘‘शी! असला माल इकतात तरी कसा? लाज न्हाय ह्यास्नी!’’ आम्ही पाचही जणांनी डोळे झाकून त्याला सहावा नंबर दिला.

चिठ्ठ्या मोजून झाल्यावर आप्पांनी तो कप उलटा केला, चष्मा पुसला आणि बुडावरचा बॅच नंबर वाचला. मग तो कप बसूअण्णाच्या पुढं ठेवला.

आमचाच मँगो! आणि कोगनोळीचं ते दुकान बसूअण्णाच्याच विक्रीच्या लाईनमधलं. ‘‘फ्रीज हाय त्येच्याकडं, मी बघितलाय,’’ असं त्यानंच आप्पांना सांगितलं होतं.

‘‘फ्रीज बघितलास,’’ आप्पा म्हणाले. ‘‘चालू हाय का ते बघितलंस?’’

या सगळ्या गोंधळात गूळ-वेलचीचा नंबर कुणी विचारलाच नाही. मी कागदावर बघितला. पुन्हा पाचवा. दोन सोमवारांची बेरीज धरली तर ती आपल्या पाचात शेवटची होती. बटरस्कॉच थोडा पुढं. आक्कानं माझ्या खांद्यावरून कागद वाचला आणि पातेली घासायला गेली. तिच्या हाताखालच्या तिघी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही.

* * *

तिसरा सोमवार. अकराला आम्ही पाच जण बसलो. विलासनंसुद्धा सकाळपासून तंबाखूला हात लावला नव्हता, म्हणजे बघा! खरं सांगतो, गूळ-वेलचीचा चमचा मी तोंडात घातला आणि तसाच गिळला. चव बघितलीच नाही. काय लिहायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

चिठ्ठ्या डब्यात पडल्या. आप्पांनी पहिली उघडली.

‘‘गूळ-वेलची. सहा.’’

बाजारच्या कपाच्याही खाली! शोभानं तोंडावर हात ठेवला. आम्ही सगळे बसूअण्णाकडं बघायला लागलो.

दुसरी चिठ्ठी. ‘‘गूळ-वेलची, एक.’’ तिसरी, एक. चौथी, एक. पाचवी, एक.

आप्पांनी पाचही चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. ‘‘चौघांनी पैला दिला आणि एकानं सहावा. एकाच कपाला. ह्यात कायतरी खोटं हाय. सहा कुणी लिवलं?’’

विलास टेबलावर सांडलेले चुरमुरे वेचायला लागला.

‘‘सांगत नसाल तर पाचही चिठ्ठ्या रद्द. मग पैल्या दोन सोमवारांची बेरीज धरायची.’’

म्हणजे गूळ-वेलची बंद! शोभा बसूअण्णावर ओरडली, ‘‘सांग की रं अण्णा! लिवताना लाज वाटली न्हाय, आता कसली वाटतीया?’’

बसूअण्णाचा चेहरा पडला. त्यानं एकदा आक्काकडं बघितलं, एकदा दाराकडं. तिथं त्या तिघी उभ्याच होत्या. मग तो उठला.

‘‘माझी हाय. सहा मी लिवलं.’’

‘‘कारण सांग,’’ आप्पा म्हणाले.

‘‘कारण... कारण न्हाय. आवडलं न्हाय, बास.’’

‘‘काय आवडलं न्हाय?’’

बसूअण्णा उभ्या उभ्या रुमालानं मान पुसायला लागला.

‘‘खोटं बोलतोय त्यो,’’ आक्का म्हणाली. ‘‘चिठ्ठी माझी हाय.’’

आप्पा तिच्याकडं वळले. ‘‘तुझी? कमल, सोताच्या कपाला सहा?’’

‘‘गूळ करपलाय आप्पा. शनिवारची बॅच, माझ्याच हातची. पोरीचा फोन आलता, मी जरा बाजूला गेलतो, तेवढ्यात पाक खाली लागला. करपलेल्याला काय पैला नंबर देऊ व्हय?’’

आप्पांनी चमचा घेतला, कपात घातला, तोंडात घातला. घास जिभेवर नीट फिरवला. मी खाली बघत होतो. विलास खाली बघत होता. शोभाही. बसूअण्णा अजून उभाच.

आप्पांनी चमचा टेबलावर ठेवला आणि आक्काला म्हणाले, ‘‘करपलाय खरा. तुझा फ्लेवर चालू ऱ्हाऊ दे. आता करपलेल्याला पैला देणाऱ्या ह्या चौघांचं काय करू, तेवढं सांग.’’