जाळी काढलेलं मशीन

महिन्याभरापूर्वी सकाळी सुनीताचा फोन आला. ‘परबकाका गेले. झोपेतच.’ एवढंच बोलून तिने ठेवला. माझ्याशी ती कधी जास्त बोलतच नाही... का ते मला ठाऊक आहे, आणि आता ते लिहून टाकायला हवं.

दत्ताराम परब माझा शाळेपासूनचा मित्र. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात तो पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर होता. काम भरभर उरकावं म्हणून मालकाने, हात आत जाऊ नये यासाठी असलेली मशीनची जाळी काढून ठेवली होती. एका दुपारी दत्ताच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याने भरपाईचा दावा लावला, आणि मालकाचा वकील होतो मी. ती केस मी घ्यायलाच नको होती. उलट दत्ताच्या घरी जाऊन म्हटलं, ‘वर्षानुवर्षं तारखा पडतील रे. मालक देतोय ते घे आणि मोकळा हो.’ तो म्हणाला, ‘तू सांगतोयस ना? मग झालं.’ आणि तडजोडीवर त्याने सही केली. मालक खूश. मी जाळीचा विषय काढला तर म्हणाला, ‘वकीलसाहेब, एवढ्यात भागतंय, तर जाळी लावून काम स्लो कशाला करू?’ मी फी घेतली आणि निघालो.

वर्ष उलटायच्या आत त्याच मशीनमध्ये, दत्ताच्या जागी कामाला लागलेल्या सुनीताचा हात सापडला. त्या संध्याकाळी दत्ता माझ्याकडे आला. बसला नाही. ‘मी भांडलो असतो तर जाळी लागली असती ना रे?’ ‘तसं सांगता येत नाही,’ मी म्हटलं. सांगता येत होतं... माणूस जायबंदी होणं मालकाला स्वस्तात पडावं, ही सोय मीच तर करून दिली होती.

दत्ताने सुनीताला दुसरा वकील गाठून दिला. प्रत्येक तारखेला तिच्यासोबत गेला, जाळी कोणी काढली ते शपथेवर सांगितलं, तिला तडजोड करू दिली नाही. ती जिंकली, आणि महिन्याभरात गाळ्यातल्या सगळ्या मशीनना जाळ्या बसल्या. त्यानंतरही दत्ता रस्त्यात भेटला की हसायचा. सल्ला मात्र त्याने पुन्हा कधी विचारला नाही.

दिवसकार्य झाल्यावर कांदिवलीला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा आणला आणि ठेवताना, दत्तासाठी ठेवायच्या तसा, कपाचा कान डावीकडे केला. लक्षात येताच त्या कप फिरवायला वाकल्या. ‘राहू द्या, वहिनी,’ मी म्हटलं. डाव्या हाताने उचलताना चहा बशीत सांडला.