न तुटलेला जोड

माझं काम काय आहे ते मी बाबांना एकदाच नीट समजावून सांगितलं आणि त्यानंतर कायमचा त्यांच्या चेष्टेचा धनी झालो. मी पुण्यात, गाड्यांची स्टेअरिंग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. गाडी समोरून धडकली की तिचं नाक आत चेपतं आणि स्टेअरिंगचा दांडा मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या छातीकडे रेटला जातो. तसं होऊ नये म्हणून तो दांडा दोन तुकड्यांचा करतात. धडक बसली की एक तुकडा दुसऱ्यात सरकतो, दांडा आखूड होतो आणि माणसाला वाचायला जागा मिळते. तो किती जोराला सरकावा नि किती सरकावा, एवढ्यावरच माझी सगळी नोकरी चालते.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले. "पाह्य बाप्पा. लोकं वस्तू टिकावी म्हणून रगत आटवते, अन् आमचं पोट्टं ते मोडावी म्हणून पगार घेते."

आमच्या गावी, सेवाग्रामकडच्या तळेगावला, हायवेच्या कडेला बाबांचं वेल्डिंगचं दुकान. घरची शेती दादा आणि वहिनी पाहत. बाबांचा जीव दुकानात. ट्रॉलीचा हूक, कोळपणीच्या डवऱ्याचं पातं, शाळेचं फाटक, आसपासच्या गावांत जे तुटेल ते त्यांच्याकडे यायचं. जोड मारून झाला की ते हातोडीनं खपली झाडत, कान लावून दोनदा ठोकत, आणि टोकाला वितळलेल्या लोखंडाची एक बारकी टिकली ठेवत. टिकली कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "सही हाये माही." गिऱ्हाइकाला निरोप देतानाचं वाक्यही ठरलेलं होतं: "गाडी मोडन, पण माहा जोड नाई मोडत." आम्ही दोघं भाऊ लहानपणी त्यांची नक्कल करायचो. दादा माझ्यापेक्षा चांगली करायचा.

दादा संत्र्याच्या दिवसांत जुन्या पिकअपनं बागेतला माल बाजारात न्यायचा. मागच्या हिवाळ्यात, धुक्याच्या सकाळी, वळणावर बंद पडलेल्या ट्रकवर त्याची गाडी मागून आदळली. ट्रकवाल्यानं दिवा सोडाच, मागे झाडाची फांदी टाकायचीही तसदी घेतली नव्हती. दादाला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मी पुण्याहून पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्याच्या चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. सीटचा पट्टा लावलेला होता. फोनवर डोकं खाऊन खाऊन मीच त्याला ती सवय लावली होती. डॉक्टर म्हणाले, छातीला मार आहे. मी पुढचं काही विचारलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत स्टेअरिंगवर एक ठोकळा आदळवतात आणि त्याला सगळे 'छाती' म्हणतात. 'छाती लावा', 'छाती बदला', असं आम्ही चहा पिता पिता बोलतो. त्या दिवशी मला त्या शब्दाची आणि माझीही किळस आली.

दुसऱ्या दिवशी दादाचं सामान आणायला पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो. पिकअप भिंतीला लावून ठेवलेली होती. मागच्या हौद्यात अजून संत्री होती आणि त्यांचा आंबट वास सुटला होता. स्टेअरिंगचं चाक जवळजवळ सीटच्या पाठीला टेकलेलं होतं. मला ते पटेना. ही गाडी जुनी असली तरी तिच्यात सरकता दांडा असतो, हे मला माझ्या नावासारखं माहीत होतं. मी पायदानाशी आडवा झालो आणि मोबाईलचा उजेड खाली टाकला.

दांडा सरकलेला नव्हता. एक तुकडा दुसऱ्यात जातो त्या जागी गोल फिरवून वेल्डिंग केलेलं होतं. काम सुबक होतं, कुठे भोक नाही, कुठे तडा नाही. टोकाला टिकली होती.

काय झालं असेल ते कळायला मला कुणाची गरज नव्हती. सरकता भाग झिजला की त्यात खेळ येतो, स्टेअरिंग खटखट वाजतं. कारखान्यातून नवा दांडा आणायचा सोडून दादानं घरच्या दुकानात गाडी लावली असेल आणि बाबांनी तो आवाज कायमचा बंद करून दिला असेल. दोन तुकड्यांचा एक केला असेल. पोराच्या गाडीचं काम म्हणून जास्तच जीव ओतला असेल. मला बापाचा राग आला, इतका की तिथल्या तिथे कुणीतरी भेटावं आणि त्याच्याशी भांडावं असं वाटलं. मग जोड मारताना चष्म्याआड बारीक केलेला त्यांचा डोळा आठवला आणि तो रागही धड टिकेना. जोड नसता तर दादा वाचलाच असता, असंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण त्याला जागा मिळाली असती.

घरी आलो तर बाबा माझीच वाट पाहत होते. बसायला आलेली माणसं पांगल्यावर त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं.

"गाडी पाह्यली?"

"पाह्यली."

"स्टेरिंगचा जोड मी मारला होता. खटखट करून राह्यलं होतं तं म्हटलं एक डाव पक्कं करून देतो." त्यांनी माझा दंड धरला. "तो जोड सुटला म्हून तं गाडी त्याच्या हातातून नाई ना गेली? खरं सांगजो. माहा जोड तुटला का?"

मी म्हणालो, "नाई बाबा. जोड शाबूत हाये."

ते ओट्यावर बसले आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. बोललो त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तेरवीपर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तेच सांगत होते. लहान्यानं जाऊन पाह्यलं, जोड जसाच्या तसा हाये. माणसं माना डोलावत. वहिनी आतून ऐकत होती. बाबांच्या हातात काही दोष नव्हता, याचा तिलाही आधार वाटत होता. मी मात्र दोन्हीकडून अडकलो होतो. सांगावं तर म्हातारा उभ्या उभ्या मरेल, न सांगावं तर ते वाक्य रोज नव्यानं ऐकायचं. सोनारानंच कान टोचावे म्हणतात. इथे सोनारही मीच होतो आणि कान माझ्या बापाचा होता. मी गप्प राहायचं ठरवलं. म्हातारपणी एवढं तरी त्यांच्याजवळ राहू दे, असं मला वाटलं.

तेरवी झाली. पुण्याला परतायच्या तयारीत होतो, तेव्हा शेजारच्या गावचा एक संत्र्याचा व्यापारी दुकानासमोर येऊन उभा राहिला. त्याच्याकडे दादासारखीच पिकअप होती.

"काका, बंद दुकान उघडायले लावून राह्यलो, माफ करा. पण स्टेरिंग लई खटखटते. तुमचा जोड एवढ्या मारातबी नाई तुटला म्हंते लोकं. माह्याबी गाडीले मारून द्या."

बाबांचा चेहरा मी पाहिला. इतक्या दिवसांत त्यांनी दुकानाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते उठले, शटर वर केलं, मशीन लावली, होल्डरमध्ये रॉड अडकवला. त्यांच्या हालचालीत जरा जीव आला होता. व्यापाऱ्यानं दार उघडून धरलं आणि बाबा पायदानाशी वाकले.

मी मशीनचं बटन बंद केलं.

"काऊन?" बाबा वाकलेलेच होते.

"नका मारू, बाबा."

"अरे काऊन पण?"

"तो दांडा आतमंधी सरकायले ठेवलेला असते. धडक बसली की त्यानं आखूड व्हायले पाह्यजे. जोड मारला की तो सरकत नाई. सरळ छातीवर येते."

बाबा हळूहळू उभे राहिले. व्यापारी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता.

"म्हंजे त्याच्या गाडीतला..."

"हो."

"तू तं म्हटलं जोड शाबूत हाये."

"शाबूतच हाये, बाबा."

त्यांनी होल्डर खाली ठेवला. फेकला नाही, नेहमीच्या जागी टांगला. व्यापाऱ्याला म्हणाले, "घेऊन जा. कंपनीतून नवा दांडा आणून बसव. तवरक चालवू नोको." तो गेल्यावर ते स्टुलावर बसले. मी समोर खाली बसलो. त्यांनी मला शिवी द्यावी, मारावं, काहीही करावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते माझ्याकडे पाहतही नव्हते. बोटांनी हवेत काहीतरी मांडत होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

"काय करून राह्यले, बाबा?"

"आठवून राह्यलो," ते म्हणाले. "आणखी कोनाकोनाच्या गाडीले मारला ते."

मग उठले, शटर ओढलं. "दादाची मोटरसायकल काढ. बसव मले मांगं."

पहिलं घर आष्टीच्या रस्त्यावर होतं. जीप अंगणातच उभी होती. घरच्या माणसानं बाबांना पाहून खाट पुढे ओढली, आत चहाला सांगितलं. बाबा बसले नाहीत.

"तुह्या गाडीचं स्टेरिंग मी जोडलं होतं. ते काढून टाक."

"काऊन काका?" तो हसून म्हणाला. "मस्त चालून राह्यली. तुमचा जोड कधी मोडते काय?"

"मोडत नाई," बाबा म्हणाले. "म्हून तं माहा पोरगा गेला."