रातकिड्याचा उजवा पाय

१६ ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीआधी किड्यांच्या पेट्यांमधल्या डांबरगोळ्या बदलायच्या होत्या. पावसाळ्यात त्या झिजून वाटाण्याएवढ्या होतात आणि संपल्या की पेटीत मुंग्या शिरतात, बुरशी चढते. मी कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि हे काम दर वर्षी मीच करते. तासाभराचं काम.

या वेळी जरा घाई होती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या पुस्तिकेचं प्रकाशन होतं. कल्याण-ठाण्याकडच्या रातकिड्यांवरची सचित्र पुस्तिका. रातकिड्यांच्या सातही पेट्या सभागृहात पाहुण्यांसमोर मांडायच्या होत्या.

पहिल्या पेटीचं झाकण उघडलं आणि मला काहीतरी वेगळं दिसलं. काय ते कळायला मिनिटभर लागलं. किडे तेच होते, ओळी त्याच होत्या. टाचण्यांखालची लेबलं बदलली होती. माझ्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या जाऊन तिथे कॉम्प्युटरवर छापलेल्या, एकसारख्या कापलेल्या चिठ्ठ्या आल्या होत्या. भिंग लावून वाचलं. ‘ठाकुर्ली’, खाली तारीख, खाली ‘संकलन’ आणि पुढे मॅडमचं नाव. दुसऱ्या किड्याखाली ‘शहाड’ आणि मॅडमचं नाव. सातही पेट्या उघडल्या. सगळीकडे तेच.

हे लेबल म्हणजे काय ते सांगायला हवं. टाचणीवर वर किडा असतो. त्याच्याखाली नखाएवढी चिठ्ठी: कुठे सापडला, कधी सापडला, कोणी पकडला. त्याखाली दुसरी चिठ्ठी, त्याच्या जातीच्या नावाची. जात चुकली तर दुसरी चिठ्ठी कोणीही नंतर दुरुस्त करू शकतो. पहिलीला हात लावायचा नाही. ती गेली की टाचणीवर फक्त एक मेलेला किडा उरतो. हा नियम मला मॅडमनीच शिकवला, चौदा वर्षांपूर्वी, मी नवीन असताना. मी पहिल्या चिठ्ठीवर पकडणाऱ्याची जागा कोरी ठेवली होती. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “तुझं नाव लिही. तू पकडलास ना?” मी बारावी पास. माझं नाव शास्त्राच्या कुठल्या कागदावर लिहायचं असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाकीचंही त्यांनीच शिकवलं, ते नाकारत नाही. टोळ, नाकतोडे आणि रातकिडे एकाच गणातले, पण मिशा बघायच्या. आखूड मिशांचे ते टोळ-नाकतोडे. मिशा अंगापेक्षा लांब आणि दोऱ्यासारख्या बारीक असल्या की रातकिडे, किंवा त्यांचे पानासारखे हिरवे चुलत भाऊ. मग पावलाचे सांधे मोजायचे. तीन भरले तर रातकिडा, चार भरले तर हिरवा. रातकिड्याचे पंख पाठीवर सपाट असतात आणि कडेला खाली दुमडलेले, डब्याच्या झाकणासारखे. नराचा उजवा पंख डाव्याच्या वर असतो. उजव्याच्या खालच्या बाजूला कानशीसारखी दातेरी शीर असते, ती डाव्याच्या काठावर घासली की आवाज निघतो. मादी गप्प. तिच्या मागे लांब सुईसारखा अवयव असतो, तो मातीत खुपसून ती अंडी घालते. दोघांचेही कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या खाली. हे मला पहिल्यांदा खोटं वाटलं होतं. भिंगातून ती पातळ पांढरी चकती पाहिली तेव्हा पटलं.

पकडायचं काम मात्र मॅडमनी कधी केलं नाही. त्यांना जिवंत किड्याची किळस आहे. एकदा माझ्या डब्यातून एक नर उडून त्यांच्या ओढणीवर बसला तर त्या स्टुलावर चढल्या, आणि मी तो काढेपर्यंत उतरल्या नाहीत. त्या ठाण्याला राहतात, बाराव्या मजल्यावर. मी राहते ठाकुर्लीला. स्टेशनच्या पलीकडे गवताचा पट्टा आहे, तिथे संध्याकाळी कामावरून येताना उतरले की घरी जायच्या आधी अर्धा तास. सुट्टीच्या दिवशी शहाडला नदीकाठी. जमिनीत स्टीलचा पेला काठापर्यंत पुरायचा, तळाला पिकलं केळं. सकाळी बघायचं. पुढचे पाय फावड्यासारखे असलेला, माती खणणारा रातकिडा मला तिथल्याच चिखलात सापडला. पकडलेले किडे घरच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी. नवरा म्हणायचा, “एक दिवस उसळीत येणारेत हे.” सासूबाईंनी दोन वर्षं फ्रीजला हात लावला नाही. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

चौदा वर्षांत सात पेट्या भरल्या. त्यातला प्रत्येक किडा मी पकडला होता.

डांबरगोळ्या तशाच ठेवून मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या उद्याच्या भाषणाचा कागद वाचत होत्या. टेबलावर नव्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. मी सरळ विचारलं की लेबलं कोणी बदलली. त्या म्हणाल्या, एमएस्सीच्या दोन मुलींनी, गणपतीत. गणपतीत मी दहा दिवस गावी जाते. जाताना मॅडमनी कपाटाची किल्ली मागितली होती, फोटो काढायचे आहेत म्हणून. मी ती माझ्या हाताने त्यांच्या हातात दिली होती, वर सांगितलं होतं की तिसऱ्या पेटीची बिजागरी सैल आहे, जपून उघडा.

“हाताने लिहिलेली लेबलं फोटोत बरी दिसत नव्हती गं.”

“अक्षराचं ठीक आहे मॅडम. नाव का बदललं?”

त्यांनी चष्मा काढला. “संग्रह विभागाचा आहे. विभागाची जबाबदारी माझी. बाहेर असंच लिहितात.”

“पकडले मी.”

“अगं, ते तुझं कामच होतं ना? आणि आभारात घेतलंय की तुला.”

त्यांनी पुस्तिका उघडून पान दाखवलं. ‘प्रयोगशाळेतील कर्मचारीवर्गाचे सहकार्य लाभले.’ आमच्या प्रयोगशाळेत कर्मचारीवर्ग म्हणजे मी आणि पाण्याचा कूलर. जुन्या चिठ्ठ्या कुठे आहेत विचारलं, तर म्हणाल्या, टाकल्या असतील मुलींनी. हे त्या पुन्हा कागद हातात घेत बोलल्या. मला जास्त लागलं ते हे. नाव चोरताना माणूस निदान लपवाछपवी करतं. त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

एक पुस्तिका घेऊन मी प्रयोगशाळेत परत आले. गोळ्या बदलल्या, कारण त्या बदलायच्याच होत्या. मग बसून पुस्तिका वाचली. छपाई चांगली होती. चौदाव्या पानावर ठाकुर्लीच्या एका तपकिरी नराचा मोठा फोटो होता. खाली शरीरवैशिष्ट्यं. गोल चकचकीत डोकं, शेवटाला दोन केसाळ शेपट्या, सगळं बरोबर. आणि मग हे: मागच्या डाव्या मांडीवर खूण नाही, उजव्या मांडीवर तीन गडद पट्टे. दोन्ही बाजूंची अशी असमानता आजवर कुठे नोंदलेली नाही, हा वेगळा प्रकार असण्याची शक्यता आहे.

मी तिसरी पेटी उघडली. दुसरी ओळ, चौथा किडा. पट्ट्यांचा पाय मी चिकटवला होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. वाळलेल्या किड्याचे मागचे पाय फार नाजूक असतात, टाचणी जरा हलली की गळून पडतात. त्या नराचा उजवा पाय माझ्या हातून तुटला आणि कुठे उडाला ते सापडलं नाही. घाबरून मी दुसऱ्या एका मोडक्या किड्याचा पाय डिंकाने बसवला. दोन दिवस मनात राहिलं, मग मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. “राहू दे, शिकवण्यापुरता तर आहे.” तेव्हाच त्याखाली चिठ्ठी लावायला हवी होती. मी घरच्या वहीत तेवढं लिहिलं आणि सोडून दिलं. ही चूक माझी, तिचं खापर मी कोणावर फोडणार नाही. पण चौदा वर्षं त्या पेटीशेजारी बसून मॅडमनी तो किडा कधी भिंगाखाली घेतलाच नव्हता. डिंकाचा पिवळा थेंब सांध्यावर स्पष्ट दिसतो. फोटोतसुद्धा दिसतो.

उद्या येणाऱ्या पाहुण्यांमध्ये दोघं कीटकांचेच अभ्यासक होते. त्यांना तो डिंक लगेच दिसला असता, म्हणजे मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मॅडमच्या नावाचा किडा, मॅडमच्या नावाची चूक. संध्याकाळी घरी भाजी चिरताना हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग बस की शांत. आयतं जमून आलंय.”

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. पण तो पाय माझ्या हातचा होता. उद्या कोणी विचारलं की हे कोणी केलं, तर मॅडमना तेव्हा मात्र माझं नाव नक्की आठवलं असतं. चौदा वर्षांच्या कामातून माझ्या नावावर तेवढा एक पाय उरला असता.

साडेसातला मी मॅडमना फोन लावला. चौदाव्या पानाबद्दल आत्ताच बोलायचं आहे, असं सांगितलं.

“परत तेच? ताणू नकोस गं. उद्या कार्यक्रम झाल्यावर बोलू.”

“मॅडम, तो पाय—”

फोन ठेवलेला होता. परत लावला, उचलला नाही. मेसेज केला: ‘पान चौदा, उजवा पाय दुसऱ्या किड्याचा आहे, मी चिकटवलेला, तुम्हाला सांगितलं होतं.’ तो वाचल्याची खूण आली नाही.

मग माळ्यावरून वह्या काढल्या. तीन वह्या, पुठ्ठ्याच्या. प्रत्येक किड्याचा क्रमांक, जागा, तारीख, त्या दिवशी काय ऐकलं ते. टाचणीच्या बुडाशी, पेटीच्या तळावर मी पेन्सिलने बारीक क्रमांक घालते, तो कोणी बदलला नव्हता. बहुतेक कोणाला दिसलाच नव्हता. कार्डपेपर, कात्री आणि बारीक निबाचं पेन घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. सासूबाई समोर टीव्ही बघत होत्या. त्यांनी काय चाललंय विचारलं, मी सांगितलं. मग मी कापलेल्या चिठ्ठ्या त्या एकेक ओळीत लावून देऊ लागल्या. किड्यांच्या कामाला त्यांचा हात लागला तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी प्रयोगशाळा उघडली. मॅडमची छापील लेबलं काढली नाहीत. लेबल काढायचं नसतं, हा नियम आहे आणि तो मी पाळते. त्यांच्याखाली, त्याच टाचणीवर, एकेक करून माझ्या हाताची चिठ्ठी चढवली: जागा, तारीख, माझं नाव. शेवटी तिसरी पेटी घेतली. ठाकुर्लीच्या नराच्या सांध्यावर ब्रशने कोमट पाण्याचा थेंब सोडला आणि दहा मिनिटं थांबले. डिंक सुटला. पाय चिमट्याने उचलून कागदाच्या छोट्या पाकिटात घातला, पाकीट त्याच टाचणीला लावलं आणि खाली लिहिलं: ‘उजवा पाय या किड्याचा नाही. चूक माझी,’ आणि खाली माझं नाव. मग सातही पेट्या सभागृहात नेल्या, क्रमाने मांडल्या, भिंग तिसऱ्या पेटीशेजारी ठेवलं, आणि दहाला मॅडमची गाडी फाटकातून आत आली तेव्हा कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकून दारात उभी राहिले.