फुकटची सीट

माफ करा. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. कॉलेजात जाणारी मी घरातली पहिली. रायपुरात शाळा हिंदी, मराठी फक्त चुलीपाशी बोललेली. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे माझ्याशिवाय दुसरं कोण लिहिणार?

शंकर नगरचा कोचिंग क्लास. बारावीचं गणित. पाहुणे आले की डायरेक्टर सर म्हणायचे, "सेवावाले बच्चे, खड़े हो जाओ." आम्ही फुकटच्या सीटवाले तिघं उठायचो. हात जोडायचे. बाप काय करतो ते सांगायचं. माझे बाबा रेल्वेत, रुळांवर गिट्टी भरतात. फोटो निघायचा. मग सर पाहुण्यांना सांगायचे, "वैसे इनका कोटा तो है ही. बाकी मेहनत हमारी." पोरं हसायची. पाहुणेही.

माझी फी माफ होती ती क्लासच्या टेस्टमध्ये पहिली आले म्हणून. ते कुणी सांगत नव्हतं. मीही नाही.

एकदा मी उठले नाही. ठरवून नव्हे. पाय उठलेच नाहीत. सरांनी पुन्हा सांगितलं. मी बसूनच म्हणाले, "सर, मैं टेस्ट में पहली आई थी. वो भी बताइए."

सर हसले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "माफी माँगो. नहीं तो घर पे पढ़ लो."

घरी आई चिडली. "आतापावतर उभी रायत होती ना? आज काहून नाही? काय झिजत होतं तुयं?"

बाबा म्हणाले, "माफी मांगाची का नाही, ते तूच पाय. पण घरी तुले गणित कोन शिकवन, बेटा? मले तं येत नाही."

बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. नापास झाले तर स्थळं बघायला लागतील, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

खरं सांगते, मी माफी मागायलाच निघाले. वाक्य पाठ करून. जिना चढले तर वर पाहुणे आलेले. दारातून दिसलं. माझ्यासोबतचे ते दोघं उभे होते आणि माझ्या जागी एक नवी मुलगी. हात जोडून सांगत होती, "पापा ठेला लगाते हैं." आवाज अगदी बारीक. माझा असाच निघत असणार. तो मी कधी बाहेरून ऐकला नव्हता.

मी खाली उतरले.

मग घरीच. शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक आणि मी. एकेका गणितापाशी दोन-दोन दिवस अडकायची. रडायची. पुस्तक भिरकावायची, परत उचलून आणायची. चूक केली, असं रोज वाटायचं. आई चहा ठेवून जायची.

निकाल लागला. गणितात शाळेत पहिली.

आता कॉलेजात आहे. अजूनही इथल्या सरांनी वर्गात माझं नाव घेतलं की हात आपोआप जुळायला लागतात. मी ते बेंचखाली दाबून धरते.

काल मैत्रिणीचा फोन आला. त्या क्लासनं चौकात मोठं होर्डिंग लावलंय. त्यावर मी आहे. तोच जुना फोटो, हात जोडलेला. खाली लिहिलंय, "हमारी मेहनत."

उद्या क्लासवर जाते. सांगेन, हा फोटो उतरवा. तुमच्याने होत नसेल तर शिडी द्या.