श्रीखालची मोकळी ओळ

माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट मला जमली नाही की मी ती गोष्टच निकामी ठरवतो. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार होतं, आणि तिथं सगळ्यांत जास्त मलाच कळतं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

मालकांनी एका ताईंना माझ्या हाताखाली दिलं. वय पंचेचाळीसच्या पुढं, रोज कोडोलीहून एसटीनं येणं. गावाकडच्या छापखान्यात बारा वर्षं लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवलेली. छापखाना बंद पडल्यावर आमच्याकडं नोंदी भरायला आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत बघून बघून प्रोग्रामिंग शिकल्या. त्यांना तीन महिने मिळाले होते. जमलं तर प्रोग्रामर, नाही तर परत नोंदींच्या टेबलावर. निकाल माझ्या शब्दावर होता.

काम स्वच्छ. खोड एकच, प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत श्री लिहायचं. ती नुसती कॉमेंट, संगणक ती सोडून देतो, त्यामुळं माझी हरकत नव्हती. पण दुसऱ्या फाइलमधलं काही वापरायचं असेल तर ते कुठून आणायचं हे सांगणारी इम्पोर्टची ओळ वर लागते, आणि ती एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, आपणहून घालतो. ताईंच्या बऱ्याच फाइलींमध्ये तो ती नेमकी श्रीच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा. ताई ती कापून खाली चिकटवायच्या. दोनदा घाईत कापली आणि चिकटवायची राहिली. त्यातल्या एका वेळी तर संस्थेची माणसं समोर बसलेली असताना स्क्रीन कोरी आली.

"ताई, श्री काढून टाका," मी म्हणालो.

"न्हाय सर. श्रीबिगर सुरवात करत न्हाय, आन् श्रीच्या वर काय बसवत न्हाय. मशीनला सांगा की."

मशीनला सांगण्यात माझी अख्खी सकाळ गेली. सगळी सेटिंग धुंडाळली, एडिटरला जोडलेली एक्स्टेन्शन एकेक करून बंद केली, एडिटर काढून पुन्हा टाकला. ओळ आपली श्रीच्या वरच. शेवटी डोकं फिरलं. तरातरा केबिनमध्ये गेलो आणि मालकांना सांगून टाकलं, ह्यांना जमायचं नाही, परत नोंदींवर बसवा. मग खाली जाऊन चहा प्यायलो.

परत आलो तर ताई दोन फाइली शेजारी शेजारी उघडून बसलेल्या.

"सर, हिच्यात ओळ श्रीच्या खाली बसत्या, हिच्यात वर. बाकी सगळं सारखं हाय. फरक बघा की."

मी बघत राहिलो. मला काही दिसेना. तेव्हा त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. एका फाइलमध्ये श्रीखाली एक ओळ मोकळी होती, दुसरीत श्रीला लागूनच कोड सुरू झाला होता.

"पत्रिकेत श्रीखाली जागा सोडतोच की. हितं घाईघाईत इसरलं बघा."

कारण मला नंतर वाचून कळलं. कोडला चिकटलेली कॉमेंट एडिटर त्या कोडचीच समजतो आणि इम्पोर्ट दोन्हींच्या वर ठेवतो. मधे जागा असली, की कॉमेंटला फाइलचा मथळा मानतो आणि इम्पोर्ट तिच्या खाली ठेवतो. ताईंनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. अक्षरांइतकीच कोरी जागाही जुळवायची असते, हे त्यांच्या हातात बारा वर्षं मुरलेलं होतं. मी इतकी वर्षं कोड वाचतोय, पण न लिहिलेल्या ओळीकडं मी कधी बघितलंच नव्हतं. मला त्या बाईंचा फार अभिमान वाटला, आणि लगेच केबिनमधलं माझं बोलणं आठवलं.

पुन्हा केबिनमध्ये गेलो. मघाचं मागं घेतो म्हणालो.

"मघाशी तर जमायचं न्हाय म्हणत होतास," मालक म्हणाले.

"मला जमलं नव्हतं. त्यांना जमलं. त्यांना प्रोग्रामर करा."

मालकांनी मान डोलावली. बाहेर आलो तर ताई एकेक जुनी फाइल उघडून श्रीखाली ओळ सोडत होत्या. बातमी कशी सांगावी याची मी जुळवाजुळव करत उभा राहिलो. त्यांनी केबिनच्या प्लायवूडच्या भिंतीकडं नुसती मान वळवली.

"दोन्ही टायमाला ऐकलं सर," त्या म्हणाल्या. "पयलं ऐकलं, तवाच ह्या फाइली उघडल्या."